जुन्या कॅसिनो हॉटेलातील मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळमजल्यावर कॅसिनो असलेल्या, गोव्याच्या किनाऱ्यावरील एका जुन्या पंचतारांकित हॉटेलात आम्ही कुटुंबासह राहून आलो, तेव्हापासून कुडाळ-सावंतवाडीकडचे नातलग, पुण्या-मुंबईचे स्नेही आणि त्यांच्याही ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारत आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. हॉटेलचे नाव दिलेले नाही, कारण यातील बहुतेक गोष्टी त्या वयाच्या कोणत्याही किनारी हॉटेलला लागू पडतात. करांचे दर आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा आरक्षण करताना ते पुन्हा विचारून घ्यावेत.

१. कॅसिनो हॉटेल आणि पणजीजवळच्या मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटी यांत फरक काय?

गोव्याचा सार्वजनिक जुगारासंबंधीचा कायदा १९७६ सालचा आहे. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत विजेवर चालणारी खेळयंत्रे ठेवण्यास परवानगी मिळाली आणि पुढे आणखी एका दुरुस्तीने टेबलांवरचे खेळ पाण्यातील जहाजांवर चालवण्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे जमिनीवरच्या हॉटेलात प्रामुख्याने स्लॉट यंत्रे (पैसे लावून फिरती चित्रे जुळवायची) आणि रूले (आकड्यांच्या फिरत्या चक्राचा खेळ) व बॅकरा (पत्त्यांचा खेळ) यांसारखे खेळ पडद्यावर बटण दाबून खेळायची यंत्रे असतात. हाताने पत्ते वाटणारा माणूस आणि हिरव्या कापडाची टेबले पाहायची असतील, तर पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने नदीतल्या जहाजावर जावे लागते.

राहणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक निराळाच आहे. जहाजावर माणूस काही तास घालवून परत येतो. हॉटेलात मात्र कॅसिनो आणि झोपायची खोली एकाच छताखाली असतात, आणि मालकाचा पैसा या दोहोंपैकी कशावर खर्च होतो त्यावर आपला मुक्काम अवलंबून असतो.

२. महाराष्ट्राच्या कोकणात, सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत, असे हॉटेल आहे का?

नाही. महाराष्ट्राने कॅसिनोंवरील नियंत्रण आणि करासंबंधी १९७६ मध्येच कायदा केला होता, परंतु तो कधीही अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. कोकण किनाऱ्यावर कायदेशीर कॅसिनो पाहायचा तर पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यातच जावे लागते. वेंगुर्ला-मालवणकडे कोणी 'कॅसिनोची सोय' असल्याचे सांगत असेल, तर ती सोय बेकायदा आहे असे निःशंक समजावे.

३. हॉटेल किती जुने झाले आहे हे आरक्षणापूर्वी कसे ओळखावे?

हॉटेलच्या स्वतःच्या छायाचित्रांत स्वागतकक्ष, पोहण्याचा तलाव आणि कॅसिनो भरपूर दिसत असतील आणि न्हाणीघराचे एकही चित्र नसेल, तर न्हाणीघर जुने आहे असे धरून चालावे. पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे पाहावीत, आणि तीही पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतली, कारण ओलीचे डाग तेव्हाच नीट दिसतात. फोन करून 'खोल्यांचे नूतनीकरण शेवटचे कधी झाले आणि कोणत्या विभागात झाले' एवढे सरळ विचारावे. 'झाले आहे' असे मोघम उत्तर मिळाले तर बहुधा ते तळमजल्यावर झालेले असते.

इमारत समुद्राच्या अगदी जवळ असणे ही वयाची आणखी एक खूण. १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे टाळण्यास सांगितले होते, आणि १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने या पट्ट्यावर कायदेशीर बंधने आली. म्हणून वाळूला लागून उभे असलेले मोठे हॉटेल पुष्कळदा त्याआधीचे असते.

४. इतके जुने असेल तर लोक तिथे जातात तरी कशाला?

वरच्या उत्तरात सांगितलेली जागा हेच त्याचे पहिले कारण. आज कोणाला परवानगी मिळणार नाही इतक्या जवळून ही हॉटेले समुद्र पाहतात. त्यांच्या खोल्या ऐसपैस असतात, कारण त्या काळात चौरस फुटांचा हिशेब आजच्याइतका काटेकोर नव्हता. आवारातले माड, काजू आणि चाफा आता पुरते वाढलेले असतात आणि भर दुपारीही सावलीतून चालता येते. नव्या हॉटेलला यातले काहीही पैसे देऊन चटकन विकत घेता येत नाही.

दुसरे कारण माणसांचे. सावंतवाडी, दोडामार्ग, पेडणे या भागांतली कितीतरी माणसे अशा हॉटेलांत वर्षानुवर्षे नोकरी करीत आहेत आणि त्यांना इमारतीची नस न् नस ठाऊक असते. आमच्या मजल्याची साफसफाई पाहणारे काका मालवणी ऐकताच मोकळे झाले आणि म्हणाले, "पावसात त्या बाजूची खोली घेव नकात, भिंत पाझरता." हॉटेलच्या कोणत्याही माहितीपत्रकात न सापडणारी ही माहिती होती आणि ती तंतोतंत खरी निघाली. माझ्या मते अशा ठिकाणी राहण्याचे खरे सुख या माणसांच्या वागण्यात आहे, आणि त्यांच्याशी आदराने, 'काका', 'भाऊ' म्हणून बोलले तर मुक्काम कितीतरी सोपा होतो.

५. प्रत्यक्षात खोली कशी असते?

लिफ्टने वरच्या मजल्यावर आलात की प्रथम गालिचा पाहावा. आम्ही राहिलो तिथे तळमजल्यावरचा लाल-सोनेरी गालिचा नवाकोरा होता. तोच लिफ्टच्या समोर दोन-तीन पावले पुढे येत होता, तिथे एक पितळी पट्टी ठोकली होती आणि पट्टीच्या पलीकडे जुना, मधोमध झिजून सुतळी दिसू लागलेला तपकिरी गालिचा सुरू होत होता. नूतनीकरणाचा पैसा नेमका कुठपर्यंत पोहोचला ते त्या पट्टीने दाखवले. कॅसिनो रोज उत्पन्न देतो, म्हणून त्याची यंत्रे, दिवे आणि खुर्च्या आधी बदलल्या जातात आणि खोल्यांची पाळी मागाहून येते. हे एकदा लक्षात घेतले की खोलीतल्या उणिवांनी आश्चर्य वाटत नाही, आणि कोणत्या उणिवा सोसाव्यात व कोणत्या सोसू नयेत हेही ठरवता येते.

सोसण्याजोग्या उणिवा अशा. खाटेजवळ विजेची सॉकेट नसतात, ती लिहिण्याच्या टेबलामागे असतात. म्हणून मोबाइलसाठी लांब वायरची जोडपट्टी घरून न्यावी. शिसवी रंगाच्या कपाटाचे दार हवेतल्या दमटपणाने फुगून घट्ट बसते आणि ते उघडताना खालून किंचित उचलावे लागते. शॉवरच्या छिद्रांत क्षार बसल्याने काही धारा भिंतीकडे वळतात. गरम पाणी येण्यास वेळ लागतो, कारण ते लांबच्या टाकीतून जुन्या नळांनी येते. बाथटब मात्र जवळजवळ नक्की असतो. खोलीच्या गच्चीच्या (बाल्कनीच्या) सरकत्या दाराच्या खाचेत वाळू साचलेली असते; साफसफाईवाल्यांना सांगितले तर ते ब्रशने पाच मिनिटांत मोकळी करून देतात.

न सोसण्याजोग्या उणिवा वेगळ्या आणि त्यांत तडजोड करू नये. गच्चीचा कठडा हलत असणे, छताच्या गिलाव्याला फुगवटा येऊन तडे जाणे, न्हाणीघरातल्या खटक्याला हात लावताच झिणझिण्या येणे, आणि मजल्यावरचा आपत्कालीन जिना सामानाने अडलेला असणे, यांपैकी काहीही दिसले तर खोली त्याच क्षणी बदलून मागावी. ती कशी मागावी यासाठी प्रश्न ७ पाहावा.

६. ओलीचा वास, गंज आणि भिंतीवरचे डाग ही हलगर्जी समजावी का?

काही अंशी. किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने वाऱ्याबरोबर खारे तुषार येत राहतात. हवेतले क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या सळयांपर्यंत पोहोचले की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने बाहेरचे काँक्रीट फुटते. समुद्रासमोरच्या गच्च्यांच्या खालच्या कडा म्हणूनच आधी खराब होतात. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातली ॲल्युमिनियमची पाती याच क्षारांनी खाल्ली जातात आणि यंत्र धापा टाकल्यासारखे चालते.

खोलीतला कुबट वास बहुतेक वेळा गालिचा, पडदे आणि गाद्यांत मुरलेल्या दमटपणाचा असतो. रिकामी खोली वीज वाचवण्यासाठी दिवसचे दिवस बंद ठेवली जाते तेव्हा तो वाढतो. आल्याबरोबर यंत्र 'ड्राय' स्थितीवर तासभर चालवले, तर पुष्कळ फरक पडतो. गच्चीचे दार मात्र त्या वेळी लावलेले असावे, नाहीतर बाहेरची दमट हवा आत येत राहते. नळाचे पहिले पाणी तांबूस आले तर ते जुन्या लोखंडी नळांतल्या गंजामुळे असते. ते निवळेपर्यंत वाहू द्यावे आणि पिण्यासाठी बाटलीबंद किंवा गाळलेलेच पाणी मागावे.

हवामान कोणाच्या हातात नाही, पण रंगरंगोटी, नळदुरुस्ती आणि गालिचे बदलणे हे मालकाच्या हातात आहे. डागावर नुसता रंग फासलेला असेल आणि हाताला भिंत ओली लागत असेल, तर ती हलगर्जीच.

७. खोली आवडली नाही तर बदलून मिळते का?

बहुधा मिळते, पण सामान उघडण्यापूर्वी मागितली तर. खोलीत शिरल्यावर प्रथम दिवे, नळ, फ्लश, वातानुकूलन आणि गच्चीचे दार पाहावे, जे खराब असेल त्याचे छायाचित्र काढावे आणि मगच स्वागतकक्षाला फोन करावा. 'खोली चांगली नाही' असे न म्हणता 'न्हाणीघराच्या छतातून पाणी गळते आहे' असे नेमके सांगितले की कर्मचाऱ्यालाही वरिष्ठांकडे बोलणे सोपे जाते. शनिवारी रात्री हॉटेल भरलेले असते, तेव्हा पर्याय कमी असतात; सोमवार ते गुरुवार या दिवसांत पुष्कळदा अधिक चांगल्या विभागातली खोली त्याच दरात मिळू शकते. आवाज उंच करण्याची गरज आम्हाला कधी भासली नाही.

८. कॅसिनोचा आवाज खोलीत येतो का?

यंत्रांचा आवाज सहसा येत नाही, कारण कॅसिनोच्या दालनाला खिडक्या नसतात. त्रास होतो तो पहाटे दोन-तीनला खेळून परतणाऱ्या लोकांच्या बोलण्याचा, लिफ्टच्या घंटेचा आणि बाहेर थांबलेल्या टॅक्सींचा. आरक्षण करतानाच लिफ्टपासून दूरची, मुख्य दरवाजाच्या विरुद्ध बाजूची आणि शक्य तर वरच्या मजल्याची खोली मागावी. सर्वांत वरच्या मजल्यावर पावसाळ्यात गळतीचा धोका असतो. म्हणून त्याच्या एक मजला खालची खोली उत्तम.

सिगारेटच्या धुराबद्दलही याच संदर्भात विचारले जाते. ३० किंवा त्याहून अधिक खोल्यांच्या हॉटेलला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे धूम्रपानाच्या खोल्या असू शकतात. जुन्या पडद्यांतून तो वास वर्षानुवर्षे जात नाही, तेव्हा धूम्रपानमुक्त मजलाच मागून घ्यावा.

९. आम्हाला खेळायचेच नाही; मुले आणि आई-बाबा बरोबर आहेत. तरीही हे हॉटेल योग्य आहे का?

योग्य आहे, दोन अटींवर. पहिली, कॅसिनोच्या दालनात २१ वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, त्यामुळे 'मुलांना जरा दाखवून आणू' हे शक्य नसते आणि तसा हट्टही धरू नये. दुसरी, तलाव, बाग आणि जेवणघर येथे जाण्याचा रस्ता कॅसिनोच्या दारावरून जातो का, हे आधी विचारावे. काही हॉटेलांत तो तसाच काढलेला असतो. वयस्कर मंडळींसाठी आणखी एक गोष्ट तपासावी: जुन्या हॉटेलांत उतारावर पसरलेले वेगवेगळे भाग असतात आणि प्रत्येक भागाला लिफ्ट असतेच असे नाही. तळमजल्याची खोली हवी असेल तर ओलीचा विचार करून (प्रश्न ६) उंच जोत्यावरची मागावी.

आमच्या घरच्यांनी कॅसिनोत पाऊलही न टाकता तिथे चांगला काळ घालवला. सकाळी माडांतून किनाऱ्यापर्यंत चालत जाणे आणि संध्याकाळी गच्चीत बसून मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे पाहणे याला वेगळे शुल्क नाही.

१०. बरोबरचा मित्र गोव्याचा रहिवासी आहे. त्याला आत घेतात का?

हॉटेलात राहण्यास आणि जेवण्यास त्याला काहीच अडचण नाही. खेळाच्या दालनात मात्र गोव्यातील रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून मनाई आहे. तिथे नोकरी करणारे अर्थातच कामासाठी जातात. दारावर ओळखपत्र पाहिले जाते आणि राज्याबाहेरच्या पाहुण्यांनीही ते मूळ स्वरूपात जवळ ठेवावे.

खरी गुंतागुंत होते ती नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या, पण आधार कार्डावर अजून गोव्यातल्या बार्देश किंवा सासष्टीचा पत्ता असलेल्या माणसाची. दारावरचा कर्मचारी कार्डावरचा पत्ता पाहतो आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. उलट मूळचे गोव्याचे, परंतु पत्ता महाराष्ट्रातला, अशांना सहसा अडवले जात नाही. कोणत्याही बाजूने शंका असेल तर प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी हॉटेलकडून ई-मेलवर उत्तर मागावे.

११. पॅकेजमध्ये 'इतक्या हजारांच्या चिप्स मोफत' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?

चिप्स म्हणजे कॅसिनोत पैशांऐवजी लावायच्या चकत्या. पॅकेजमधल्या मोफत चिप्स किंवा कूपन बहुतेक वेळा फक्त एकदा खेळण्यासाठी असतात. गोव्यात त्यांना 'ओटीपी' (वन टाइम प्ले) म्हणतात. त्या देऊन रोख पैसे मिळत नाहीत. त्या लावून जिंकलात तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, हरलात तर त्या गेल्या. म्हणून दोन पॅकेजांची तुलना करताना या चिप्सचे मूल्य शून्य धरावे आणि खोली, जेवण, पेये व प्रवेश एवढ्याचाच हिशेब मांडावा. आम्ही तसा मांडला तेव्हा नुसती खोली घेणे स्वस्त ठरले.

कराचा भाग याहून महत्त्वाचा आहे. कॅसिनोत भरलेल्या रकमेवर वस्तू व सेवा कर लागतो; १ ऑक्टोबर २०२३ पासून तो पूर्ण रकमेवर २८ टक्के होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. कॅसिनोच्या प्रवेशशुल्कालाही हाच दर आहे. हा कर आपण जिंकलो की हरलो याच्याशी संबंधित नसून चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पैशांवर आहे, आणि न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी कायद्याने तो कमी होत नाही. जिंकलेल्या चिप्स बाहेर न काढता पुन्हा खेळल्या तर त्यांवर मात्र तो पुन्हा लागत नाही. कर वेगळा आकारला जात असेल तर १००० रुपयांच्या चिप्समागे ४०० रुपये खेळ सुरू होण्याआधीच जातात. पॅकेजच्या किमतीत हा कर धरला आहे की नाही, हा प्रश्न काउंटरवर विचारण्यास मुळीच संकोच करू नये.

खोलीच्या भाड्याचा कर वेगळा: दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के.

१२. जिंकलो तर किती पैसे हातात येतात?

एका व्यवहारात १०,००० रुपयांहून अधिक जिंकल्यास देणाऱ्याने ३० टक्के आयकर कापून घ्यावा अशी तरतूद आहे. त्याहून कमी जिंकलेली रक्कमही करमुक्त नसते. ती विवरणपत्रात दाखवावी लागते आणि तिच्यावर ३० टक्के आणि उपकर लागतो. आयकराची मूळ सूट या उत्पन्नाला मिळत नाही, आणि एका रात्री जिंकलेल्या पैशांतून दुसऱ्या रात्रीची हार वजा करता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी ५०,००० जिंकून दुसऱ्या दिवशी तेवढेच हरलेला माणूस घरी रिकाम्या हाताने येतो आणि तरीही ५०,००० वर कर देणे लागतो. सोडतीत गाडीसारखी वस्तू लागली, तर कराची रक्कम आधी भरल्याशिवाय ती ताब्यात मिळत नाही. पॅन कार्ड बरोबर ठेवावे आणि करकपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

१३. कोणत्या यंत्रावर किंवा खेळात जिंकण्याची शक्यता जास्त असते?

दीर्घकाळात कोणत्याच नाही. एका शून्याच्या रूलेत ३७ खाने असतात आणि एका आकड्यावर लावलेल्या पैशाला ३५ पट मिळतात; या फरकामुळे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोकडे राहतात. दोन शून्यांचे चक्र असेल तर हाच आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. बॅकरात 'बँकर' या बाजूवर पैसे लावल्यास तो सुमारे १ रुपया ६ पैसे असतो आणि 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर, ८ पट मिळत असले तरी, १४ रुपयांच्या पुढे. हे आकडे प्रश्न ११ मधल्या कराआधीचे आहेत, आणि ४० टक्क्यांपुढे एक-दोन टक्क्यांच्या फरकाचे महत्त्व किती उरते हे प्रत्येकाने स्वतः पाहावे.

'हे यंत्र बराच वेळ लागले नाही, आता लागेल' असे शेजारी बसलेला अनुभवी माणूस हमखास सांगतो. स्लॉट यंत्रातला प्रत्येक डाव यादृच्छिक आकड्यांवर ठरतो आणि मागच्या डावाची त्याला आठवण नसते. यंत्र जुने आणि चंदेरी बटणे बोटांनी काळवंडलेली असली, तरी त्याचे गणित नव्या यंत्रासारखेच असते.

१४. कपडे आणि मोबाइल यांबद्दल काही नियम आहेत का?

पुरुषांनी हाफ पँट, बाह्या नसलेला शर्ट आणि रबरी चपला घालून दालनात जाऊ नये. बहुतेक ठिकाणी दारावरच परत पाठवतात. साडी, सलवार-कमीज, साधी पँट-शर्ट हे सर्व चालते. खेळाच्या जागेत छायाचित्रे काढण्यास मनाई असते. आत घड्याळ आणि खिडकी नसते, म्हणून मनगटी घड्याळ जरूर घालावे.

१५. जेवण कसे असते? शाकाहारी लोकांची सोय होते का?

सकाळची न्याहारी हा अशा हॉटेलचा सर्वांत भरवशाचा भाग, आणि इडली-ऑम्लेटच्या गर्दीत कोपऱ्यातल्या ताज्या पोई (गोव्याचा पाव) व पातळ भाजीकडे अवश्य वळावे. जुने आचारी ती घरच्यासारखी करतात. शाकाहारी पदार्थ भरपूर असतात. कॅसिनोच्या पॅकेजमधले रात्रीचे जेवण मात्र मोठ्या गर्दीसाठी केलेले, सर्व प्रांतांचे थोडे थोडे असे असते. मासे खायचे असतील तर हॉटेलच्या मुख्य जेवणघरात 'आज काय आले आहे' हे विचारून मागवावेत किंवा जवळच्या खाणावळीत थाळी घ्यावी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा इसवण (सुरमई) किंवा पापलेट ताजे असल्याचे सांगितले गेले तर खात्री करून घ्यावी.

बिलावर सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ते काढून घेण्यास शांतपणे सांगावे आणि ज्याने मनापासून वाढले त्याला स्वतःच्या हाताने बक्षिसी द्यावी.

१६. पावसाळ्यात जावे का?

दर निम्म्यावर येऊ शकतात, बाग हिरवीगार असते आणि गर्दी नसते. परंतु जुन्या इमारतीचे सगळे दोष याच काळात उघडे पडतात, समुद्रात उतरता येत नाही आणि चवथीच्या दिवसांत बरेच कर्मचारी गावी गेलेले असतात, त्यामुळे सेवा मंदावते. सुट्टी घेऊन गेलेल्या त्या माणसाचा आपल्याला राग येऊ नये. एकदा पाहायचे म्हणून जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

१७. तळकोकणातून जाण्या-येण्याची सोय कशी आहे?

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा या महामार्गाने पणजी दीड-दोन तासांवर आहे. रेल्वेने थिवी किंवा करमळी, आणि विमानाने येणाऱ्यांना जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपा विमानतळ उत्तर गोव्यासाठी सोयीचा. परतताना पॅकेजमध्ये मिळालेली किंवा स्वस्त म्हणून घेतलेली दारूची बाटली गाडीत ठेवू नये. परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते.

१८. गाडी आणि दागिने हॉटेलच्या ताब्यात दिले तर जबाबदारी कोणाची?

गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे सोपवली आणि हॉटेलच्या निष्काळजीपणामुळे गाडी चोरीस गेली, तर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' असे पावतीवर छापून हॉटेलला हात झटकता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला आहे. स्वतः गाडी लावून किल्ली स्वतःकडे ठेवली असेल तर ही भूमिका तितक्या सरळपणे लागू पडत नाही. खोलीतली तिजोरी जुनी असेल आणि तिचे बटण अडकत असेल, तर दागिने स्वागतकक्षात पावती घेऊन ठेवावेत, किंवा न नेलेलेच बरे.

१९. बरोबरच्या माणसाला खेळण्याचा नाद लागला आहे असे वाटते. काय करावे?

हा प्रश्न फोनवर विचारताना लोकांचा आवाज खाली येतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्टच देते. जुगाराचा विकार हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदलेला आजार आहे. तो स्वभावदोष मानून टोमणे मारण्याने बरा होत नाही. हरलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा खाली जाणे, रक्कम लपवणे, उसने मागणे, ही लक्षणे दिसली तर अशा माणसाला कॅसिनोच्या हॉटेलात नेऊच नये, कारण तिथे खोलीपासून यंत्रापर्यंत फक्त लिफ्टचे अंतर असते. 'टेली-मानस'च्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येते. घरच्यांनी आधी फोन केला तरी चालतो.

२०. आरक्षण केल्यावर कळले की हॉटेलचा एक भाग दुरुस्तीसाठी बंद आहे. पैसे परत मिळतात का?

हे आरक्षणाच्या वेळी काय सांगितले होते यावर ठरते. तलाव, लिफ्ट किंवा समुद्रासमोरचा विभाग बंद असल्याचे आधी सांगितले नसेल आणि त्यासाठीच आपण दर मोजला असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे आणि परताव्याची किंवा दर कमी करण्याची मागणी रास्त ठरते. हॉटेलची जाहिरात, आरक्षणाची पावती आणि बंद भागाचे तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे. मागणी प्रथम हॉटेलकडे लेखी करावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि त्यानंतर आपल्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे जाता येते, त्यासाठी गोव्यात खेपा घालाव्या लागत नाहीत.

फक्त कॅसिनो बंद असेल आणि खोली नुसती राहण्यासाठी घेतलेली असेल, तर परताव्याची अपेक्षा धरू नये. पॅकेज घेतले असेल, तर खोली आणि खेळ यांची किंमत पावतीवर वेगवेगळी दाखवली आहे का, हे पाहावे. ती एकत्र असेल तर तारीख पुढे ढकलून घेणे सहसा अधिक सोपे जाते.